येतोय की जातोय

सुनेत्रा पहिल्या वेळी नापास झाली ती समजूतदारपणामुळे. जगातल्या कुठल्या परीक्षेत माणूस समजूतदारपणामुळे नापास होतो, असं तिच्या आईनं नागपूरहून फोनवर विचारलं होतं, आणि माउलीचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

परीक्षा होती विमानं उतरवण्याची. म्हणजे विमान पायलटच उतरवतो, पण खालून त्याला 'आता ये', 'आता थांब', 'आता नको' असं सांगणारं कुणीतरी टॉवरमध्ये बसलेलं असतं. सुनेत्राला ते कुणीतरी व्हायचं होतं. गाव पॉप्लर क्रॉसिंग, कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगच्या पश्चिमेला गाडीनं दीड तास. गावाला एक धावपट्टी, एक टॉवर, टॉवरात एक कॉफीचं मशीन आणि एक वॉल्टर कोवालचक. रडार नाही. वॉल्टर असताना रडारची गरज नाही, असं वॉल्टरचं मत होतं.

तर ऑगस्टमध्ये झालं असं, की दर मंगळवारी येणारा एक पायलट रेडिओवर काहीतरी पुटपुटला. शब्द नीट कळले नाहीत. पण माणूस ओळखीचा, वेळ नेहमीची, वाटही नेहमीची. सुनेत्रानं त्याला काय म्हणायचं असेल ते ओळखलं आणि परवानगी दिली. त्यानंही नेमकं तेच केलं. विमान लोण्यात सुरी शिरावी तसं उतरलं. आणि वॉल्टरनं तिला नापास केलं.

"तो काय म्हणाला?" वॉल्टरनं विचारलं. (वॉल्टर इंग्रजीतच बोलायचा हे सांगायला नको. पण सगळं इंग्रजी इथे जसंच्या तसं उतरवत बसलो तर रात्र व्हायची, म्हणून जमेल तिथे त्याला मराठी बोलायला लावतो.)

"नीट ऐकू आलं नाही. पण त्याला म्हणायचं होतं..."

"काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. पायलट तोंडानं जे बोलतो तेवढंच खरं. त्याच्या मनात काय होतं हे त्याच्या बायकोचं खातं." मग जरा मऊ होऊन तो म्हणाला, "तू समजून घेतेस, सुनेत्रा. समजून घेऊ नकोस. ऐक."

आता हा अन्याय बघा. ज्या मुलीला नऊ वर्षांची असल्यापासून घरादारानं एकच शिकवलं, 'तू मोठी ना, मग समजून घे', जिला लग्नात सासूबाईंनी हातात साडी ठेवून पुन्हा तेच सांगितलं, तिला चौतिसाव्या वर्षी मॅनिटोबातला एक जाडजूड म्हातारा सांगतो, की समजून घेऊ नकोस! इतक्या वर्षांची मेहनत एका वाक्यात मातीमोल.

दुसरी परीक्षा ऑक्टोबरात होती, २००९ साली, थँक्सगिव्हिंगच्या सोमवारी. हीच शेवटची. यातही गचकली तर कंपनीचं आभाराचं पत्र आणि ओटावाचं तिकीट. ओटावाला, म्हणजे तिथल्या कनाटा या उपनगरात, तिचा नवरा शंतनु कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. भला माणूस. ती नापास होऊन परत आली असती तर त्यानं तोंड वाकडं केलं नसतं. उलट "बरं झालं" म्हणाला असता. तेच 'बरं झालं' उरलेल्या जन्मात रोज चहाबरोबर गिळायची सुनेत्राची तयारी नव्हती. तिला ही नोकरी जिवापाड हवी होती. वरून आलेला एखादा चिमुकला आवाज आपल्या दोन शब्दांवर भरवसा ठेवून ढगातून खाली येतो, यासारखं सुख तिला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं.

सोमवार उजाडला तो धुरकट. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी शेतातली धसकटं पेटवली होती आणि वारा आळशी होता. टॉवरातून धावपट्टी दिसत होती, तिच्या पलीकडचं गाव अर्धवट दिसत होतं, आणि गावाच्या टोकाला असलेलं धान्याचं उंच पांढरं एलेव्हेटर, म्हणजे कोठार, असावं अशी नुसती शंका येत होती. नियमानं विमानं उडवायला एवढं पुरतं. वॉल्टर मागच्या खुर्चीत परीक्षेचा कागद मांडीवर घेऊन बसला होता. सुट्टीचा दिवस, विमानं मोजकीच. सुनेत्राला वाटलं, देव पावला.

तेवढ्यात रेडिओ बोलला. "पॉप्लर टॉवर, सेसना गोल्फ किलो ब्राव्हो टँगो, विनिपेगहून, दोन माणसं, उतरायला येतोय."

आवाज पुरुषाचा. आणि त्यातला 'टँगो'चा 'ट' असा ठणठणीत, की सुनेत्राचे कान टवकारले. हा ट मॅनिटोबातला नव्हता. हा सांगली-मिरजेकडचा ट होता. वॉल्टरला तिनं काही सांगितलं नाही. समजून घेतलं म्हणाला असता. तिनं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वारा सांगितला, धावपट्टी सांगितली, पायलटनं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ते परत म्हणून दाखवलं. याला रीडबॅक म्हणतात. वॉल्टरनं कागदावर बरोबरची खूण केली. या छोट्या सेसना विमानाच्या मागून, उत्तरेकडून, टपाल आणि सहा उतारू घेऊन येणारं एक मोठं विमान होतं. त्याला तिनं दुसरा नंबर दिला. आणखी एक खूण.

आणि मग गीज आल्या. कॅनडातल्या या जाड्या बदकांना दक्षिणेला जाताना वाटेत विसावा लागतो. त्यांनी पॉप्लर क्रॉसिंगची धावपट्टी पसंत केली. दोनएकशे जणी पट्टीच्या मधोमध उतरल्या आणि लग्नाच्या पंगतीसारख्या बसल्या. खालचा ट्रकवाला भोंगा वाजवत त्यांच्यामागे धावला. सेसना दीड मैलावर होतं.

अशा वेळी टॉवरनं काय म्हणायचं ते ठरलेलं आहे: 'गो अराउंड.' म्हणजे उतरू नकोस, वर जा, एक फेरी मारून पुन्हा ये. आणि पायलटनं उत्तर द्यायचं तेही ठरलेलं आहे: 'गोइंग अराउंड.' यात चुकायला जागाच नाही.

"किलो ब्राव्हो टँगो, गो अराउंड. धावपट्टीवर गीज आहेत," सुनेत्रा म्हणाली.

"गोइंग अरा..." पायलट म्हणाला, आणि त्याच्या शेजारून, थोडा लांबून पण स्पष्ट, एका बाईचा आवाज आला. शुद्ध मराठीत.

"राजन! जातो काय म्हणतोस, मेल्या? वर आभाळात बसून? येतो म्हण!"

रेडिओ बंद झाला. मग तोच पुरुष, आवाज पडलेला.

"किलो ब्राव्हो टँगो, करेक्शन. कमिंग अराउंड."

"कमिंग म्हणाला," वॉल्टर म्हणाला. "उतरतोय की काय?"

टपालवाल्यानंही ते ऐकलं होतं. "टॉवर, माझ्या पुढचा येतोय की जातोय?"

सुनेत्राला शंभर टक्के माहीत होतं, की तो जातोय. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे तिला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत होतं. पण आज माहीत असून उपयोग नव्हता. आज ऐकायचं होतं.

"किलो ब्राव्हो टँगो, कन्फर्म, तुम्ही गोइंग अराउंड?"

"अफर्म," राजन म्हणाला. "कमिंग."

"से अगेन."

"म्हणजे तेच. तुम्ही सांगितलं तेच करतोय. फक्त म्हणताना कमिंग म्हणतोय."

सेसनाचा आवाज डोक्यावरून गेला. विमान धुरात पुसट दिसलं न दिसलं. म्हणजे उतरलं नव्हतं एवढं नक्की. पण आता पुढे कुठे वळणार, हे त्यानं सांगेपर्यंत टपालवाल्याला आत घेता येत नव्हतं. सुनेत्रानं टपालवाल्याला एलेव्हेटरच्या वर घिरट्या घालायला सांगितलं. तो "ओके, एलेव्हेटर" म्हणाला. शहाण्या घरचा मुलगा.

"हा काय प्रकार आहे?" वॉल्टरनं खुर्ची पुढे ओढली. "तुला काही कळतंय?"

"आमच्यात जाताना जातो म्हणत नाहीत. येतो म्हणतात."

"आणि येताना?"

"येतानाही येतोच म्हणतात."

वॉल्टरनं हे डोक्यात दोनदा फिरवून पाहिलं. "मग तुमच्या देशात माणूस येतोय की जातोय हे कळतं कसं?"

"समजून घेतो," सुनेत्रा म्हणाली, आणि जीभ चावली.

"त्याच्या तोंडून काढ," वॉल्टर म्हणाला. "पुस्तकातले शब्द. तोवर मी कागदावर काही लिहीत नाही."

"किलो ब्राव्हो टँगो, से द वर्ड्स: गोइंग अराउंड."

मग राजन अगदी पुस्तकातलाच शब्द बोलला. पायलटला सांगितलेलं करणं शक्य नसलं की म्हणायचा.

"अनेबल."

"कारण सांगा."

"मदर ऑन बोर्ड."

वॉल्टरनं नकळत पुस्तकाकडे हात नेला. विमानात आजारी माणूस असला तर काय करायचं ते त्यात होतं, स्फोटकं असली तर होतं, घोडे असले तरी होतं. आईबद्दल काही नव्हतं.

आणि मग खरा घोटाळा झाला. छोट्या विमानात शेजारच्या सीटसमोरही तसंच सुकाणू असतं आणि त्याच्या मुठीवर बोलायचं लाल बटण. ते दाबलं की तुमचा आवाज सगळ्यांना जातो, आणि दाबलेलं राहिलं तर तुम्हाला कुणाचाच आवाज येत नाही. वर चढताना विमानाला गचका बसला असावा. राजनच्या आईनं समोरचं हाताशी आलं ते घट्ट धरलं, आणि अंगठा बरोबर बटणावर पडला.

"...आणि हेच मी तुला तेव्हा सांगितलं होतं," टॉवरचा स्पीकर दणाणला. "पण ऐकायचं कधी? सही करून घ्यावी तसा नमस्कार केलास आणि वळून म्हणालास, 'जातो गं आई.' जातो! सहार विमानतळावर, चारचौघांत! मी तिथल्या तिथे म्हटलं, येतो म्हण. म्हणालास, हो हो, आई, लाइन पुढे गेली. गेलास ते आठ वर्षं गेलास. बाबांच्या वेळी सुद्धा आला नाहीस."

"आई, व्हिसा..." मागून राजनचा बारीक आवाज.

"व्हिसाचं मला सांगू नकोस. येतो म्हटलं असतंस तर आला असतास."

वॉल्टरला शब्द कळत नव्हते, पण सूर कळला असावा. त्यानं नकळत पाठ सरळ केली. हा आवाज सत्तर मुलींच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माइकशिवाय पोचलेला होता. आता तर माइक होता. या बाई नक्कीच शाळेतल्या, आणि साध्या नाही, मुख्याध्यापिका, हे सुनेत्रानं ओळखलं. (ते बरोबर होतं. सुहासिनीबाई, सांगलीच्या मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं, त्यातली अकरा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत.)

"बटण अडकलंय," वॉल्टर म्हणाला. "ती सोडेपर्यंत कुणाला काही सांगता येणार नाही. काय बोलतेय?"

"घरचं."

"...तिकडे बघू नकोस, समोर बघ," बाई आता दमल्या होत्या, जरा सावकाश बोलत होत्या. "या धुरात तुला दिसतं तरी कसं? ते बघ, ते पांढरं उंच कोठार. केवढं उंच आहे रे! अगदी समोरच येतंय."

सुनेत्राच्या तोंडचं पाणी पळालं. पांढरं उंच कोठार या गावात एकच होतं. त्याच्यावर सहा उतारू आणि टपालाच्या पिशव्या घेऊन एक भला पायलट तिच्याच सांगण्यावरून घिरट्या घालत होता. राजन धुरात सरळ तिकडेच चालला होता. दोघांना एकमेकांबद्दल काहीच ऐकू येत नव्हतं. हे साऱ्या मॅनिटोबात फक्त दोघींना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीला काय ठाऊक आहे ते ठाऊक नव्हतं.

माणूस कितीही मुख्याध्यापक असला तरी श्वास घ्यावाच लागतो. बाईंनी पदर डोळ्याला लावायला हात उचलला असावा. स्पीकर गप्प झाला. सुनेत्राला मिळाले असतील दोन सेकंद. इंग्रजीत बोलली असती तर ते राजनला कळलं असतं, पण बाईंनी मूठ पुन्हा धरली असती आणि वाक्य अर्ध्यात तुटलं असतं. परीक्षा, वॉल्टर, कागद, ओटावा, शंतनुचं 'बरं झालं' हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून एकदम गेलं. तिनं बटण दाबलं.

"बाई! अंगठा टेकवू नका! त्या लाल बटणावर! राजन, डावीकडे वळा, आत्ता!"

शुद्ध मराठीत. मॅनिटोबाच्या आकाशात, सरकारमान्य लहरींवर.

मग लांबून इंजिनाचा सूर बदलला. मग टपालवाला, आवाज जरा चढलेला: "टॉवर, आत्ता एक सेसना माझ्या खालून डावीकडे वळून गेलं. मी त्याचे रिव्हेट मोजले. मी वर चढतोय. आणि तुम्ही आत्ता मला बाय म्हणालात का?"

"निगेटिव्ह," सुनेत्रा म्हणाली. "तुम्हाला नाही. वरच राहा."

तेवढ्यात स्पीकर पुन्हा उघडला. "कोण बोलतंय?" सुहासिनीबाईंनी विचारलं. प्रश्न विचारायला त्यांनी बटण मुद्दाम दाबलं होतं. शिकायला त्यांना एकदा सांगितलेलं पुरायचं.

"मी सुनेत्रा, बाई. नागपूरची. खाली टॉवरमध्ये आहे."

"इथे? मराठी? बरं झालं बाई. या मुलाला जरा सांग, 'जातो' म्हणतोय."

मागून वॉल्टर कुजबुजला, "तिला किती वेळा बाय म्हणणार आहेस? ती जातच नाही."

सुनेत्राला हसू येत होतं. बाईंना 'नियम असा आहे' म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. नियम तर बाईच सांगत होत्या. आणि अचानक तिला शब्द सापडला. चौदा महिने ती 'गो अराउंड' म्हणत होती, पण त्याचं मराठी करून बघायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"बाई, तो जातो म्हणत नाहीये," ती म्हणाली. "गो अराउंड म्हणजे प्रदक्षिणा. तो प्रदक्षिणा घालतोय. प्रदक्षिणा म्हणजे फिरून पुन्हा तिथेच येणं. त्याला तेवढं इंग्रजीत म्हणू द्या."

वर विचार चालला होता.

"मग तसं सांगायचं ना आधी!" बाई म्हणाल्या. हे बहुतेक राजनला होतं. "म्हण रे. काय ते मोठ्यानं म्हण."

"किलो ब्राव्हो टँगो," राजन म्हणाला, आणि त्याचा आवाज आठ वर्षांनी मोकळा झाल्यासारखा आला, "गोइंग अराउंड! लेफ्ट सर्किट! गोइंग अराउंड!"

"एकदा पुरे," सुनेत्रा म्हणाली.

ट्रकवाल्यानं तोवर शेवटची गीज उठवली होती. सेसना वळसा घालून येईपर्यंत पट्टी मोकळी झाली. सुनेत्रानं पुस्तकातल्या शब्दांत राजनला उतरायची परवानगी दिली. उत्तर आलं, पण वेगळंच.

"टॉवर, किलो ब्राव्हो टँगो. आणखी दोन सर्किट मागतोय."

"कारण?"

राजननं मोठा श्वास घेतला. "माझी आई म्हणते, एक प्रदक्षिणा घालून थांबत नाहीत. तीन."

सुनेत्रानं वॉल्टरकडे पाहिलं. वॉल्टरनं घड्याळाकडे पाहिलं, मग धुराकडे. "टपालवाला मोठा आहे, वेगात आहे," तो म्हणाला. "तो आधी उतरलेला बरा. दे तिला दोन."

असं टपाल वेळेवर उतरलं, आणि त्यामागून तिसरी प्रदक्षिणा पुरी करून सेसना उतरलं. दोनदा उडी मारली, तिसऱ्यांदा टेकलं.

पाळी संपली तेव्हा वॉल्टरनं कागद काढला. टॉवरमधलं सगळं ध्वनिमुद्रित होतं आणि विनिपेगला जातं. लपवण्यासारखं काही नव्हतंच. कागदावर 'संभाषणाची भाषा' असा रकाना होता आणि त्याच्यासमोर दोन चौकोन: इंग्रजी, फ्रेंच.

"तिला काय सांगितलंस ते सगळं सांग," तो म्हणाला. तिनं शब्द न शब्द सांगितला. प्रदक्षिणेला तिला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा तिनं कॉफीच्या मशीनला हात जोडून एक फेरी मारून दाखवली. वॉल्टर गंभीरपणे बघत होता.

"आणि तो एलेव्हेटरकडे चाललाय हे तुला कुठून कळलं?"

"बाई म्हणाल्या, समोर पांढरं कोठार आलंय."

"म्हणजे तू समजून घेतलंस."

"नाही," सुनेत्रा म्हणाली. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं तिला वाटलं. "मी ऐकलं."

वॉल्टर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसला. मग त्यानं त्या दोन चौकोनांच्या खाली पेनानं, पट्टी न घेता, तिसरा चौकोन काढला आणि त्यात खूण केली.

"स्पेलिंग सांग," तो म्हणाला.

तिनं एम ए आर सांगितलं, ए टी एच आय सांगितलं. मग त्यानं कागद उलटा करून खाली सही केली आणि तिच्यापुढे सरकवला. निकालाच्या ओळीत लिहिलं होतं: 'पायलटच्या तोंडून बरोबर शब्द काढले. पास.' सुनेत्रा ते वाचून चक्क रडली. वॉल्टर खिडकीकडे तोंड करून धुराबद्दल काहीतरी बोलत राहिला.

ती जिना उतरून खाली आली तेव्हा टॉवरच्या पायथ्याशी दोघं उभी होती. राजन पन्नाशीकडे झुकलेला, विनिपेगला बस बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, विमान क्लबाकडून भाड्यानं घेतलेलं. पोरगं चूक कबूल करायला यावं तसा टोपी हातात घेऊन उभा. आणि सुहासिनीबाई नऊवार नव्हे, सुती पाचवारी, वर लेकाचं पार्का जॅकेट, पायांत बूट. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, उंचीला जेमतेम राजनच्या खांद्याइतक्या. सुनेत्रानं वाकून नमस्कार केला.

"तूच का ती?" बाईंनी तिला निरखलं. "आवाज चांगला आहे. स्पष्ट. निघताना आईला काय म्हणाली होतीस?"

"येते म्हटलं होतं, बाई."

"मग ठीक."

राजननं सांगितलं, की आईचं परतीचं तिकीट गुरुवारचं आहे. तीन महिने इथे राहिली, त्याला विमान चालवता येतं यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही, म्हणून आज आणली. सुनेत्रानं म्हटलं, मग बाई, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा या. तेव्हा गीज नसतात.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विमानाकडे पाहिलं, मग लेकाकडे, मग आपल्या गुडघ्यांकडे.

"आता कसली येते मी," त्या म्हणाल्या. "ते व्हिसे, ते इन्शुरन्स, तो बावीस तासांचा प्रवास. हे एकदा झालं, पुष्कळ झालं." आणि राजनच्या दंडाला धरून सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "गुरुवारी जाते मी."

राजनचा चेहरा पांढरा पडला. "आई, येते म्हण."

"जे खरं ते म्हटलं."

"आई."

बाई ओठ मिटून उभ्या राहिल्या, शाळेत एखादी मुलगी हट्टाला पेटावी तशा. राजन त्यांच्याकडे असा बघत होता, की सुनेत्राला त्याच्याकडे बघवेना. आठ वर्षांपूर्वी विमानतळावरची ती लाइन या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोरून पुढे सरकत असणार. बाईंच्या मनात काय होतं, तेही तिला पुरतं कळलं होतं: थकवा होता, राग होता, आणि लेकाला शेवटचं खरं सांगून ठेवायचं होतं. समजून घ्यायचं असतं तर सगळं समजण्यासारखं होतं. पण आज सकाळपासून एकदाही तिला समजून घेऊन चाललेलं नव्हतं.

ती बाईंच्या समोर, रस्ता अडवून उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, टॉवरातल्या आवाजात. "से अगेन."

"काय?"

"शब्द चुकीचा आला. बरोबर शब्द येईपर्यंत मला तुम्हाला इथून सोडता येत नाही. नियम आहे. से अगेन."

बाईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. बत्तीस वर्षांत त्यांना कुणी असं पुन्हा म्हणायला लावलं नसेल. जिन्यावर वॉल्टर येऊन उभा राहिला होता. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण 'से अगेन' कळलं, आणि तो उत्तरासाठी थांबला. सगळेच थांबले.

"येते," सुहासिनीबाई म्हणाल्या. आवाज फुटला, तरी शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"रीडबॅक करेक्ट," सुनेत्रा म्हणाली आणि बाजूला झाली. राजननं आईला हात धरून विमानात बसवलं, तिचा पट्टा लावला, आणि लाल बटणावर चिकटपट्टी लावली.